मालक बदलोत, नाव राहू द्या

मा. अध्यक्ष, व्हिएतनाम फुटबॉल महासंघ, आणि
मा. अध्यक्ष, व्हिएतनाम प्रोफेशनल फुटबॉल कंपनी, हनोई
यांस,



1 जुलै 2025 रोजी नाम दिन्ह नावाचा प्रांत संपला. आपल्या देशाने 63 प्रांत-शहरांची फेररचना करून त्यांची संख्या 34 वर आणली, तेव्हा हा नाम आणि नाम दिन्ह हे दोन्ही प्रांत शेजारच्या निन्ह बिन्हमध्ये विलीन झाले. त्याआधी थोडेच दिवस, जूनमध्ये, नाम दिन्हच्या संघाने सलग दुसऱ्यांदा व्ही-लीग जिंकली होती. देशाचा विजेता संघ ज्या प्रांताचं नाव छातीवर लावून खेळत होता, तो प्रांतच सरकारी कागदावरून गेला. थिएन त्रुओंगच्या मैदानात मात्र काही बदललं नाही. लोक 'नाम दिन्ह' असंच ओरडत राहिले, आजही ओरडतात. त्या लोकांच्या वतीने नव्हे, कारण तो अधिकार मला कुणी दिलेला नाही, पण त्यांच्या शेजारी बसणारा एक प्रेक्षक म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी हनोईत राहतो. हे पत्र मराठीत आहे, कारण मनापासून बोलायचं असलं की मला याच भाषेत बोलता येतं. दुसरं असं की कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर जाणाऱ्या माझ्या माणसांनीही आपली लीग पाहावी, असं मला फार वाटतं. ही मंडळी मध्यरात्री जागून मँचेस्टर आणि माद्रिद पाहतात. व्हिएतनाममध्ये संध्याकाळी सव्वासातला सुरू होणारा सामना भारतात पावणेसहाला पाहता येतो. झोपमोड नाही, आणि फुटबॉल जिवंत.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. क्लबाचं नाव, त्याचे रंग आणि त्याचं गाव समर्थकांच्या संमतीवाचून कुणालाही बदलता येऊ नये, असा नियम आपण करा.

हनोईहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे दोन तासांच्या आत नाम दिन्हला पोहोचते. हे एके काळचं गिरण्यांचं गाव. फ्रेंचांच्या काळात उभ्या राहिलेल्या कापड गिरणीने पिढ्या पोसल्या. सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच मैदानाच्या आसपासच्या गल्ल्यांत प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं फुटपाथवर येतात, बर्फाच्या चहाचे पेले फिरतात आणि ज्या फो या नूडल-सुपाच्या जन्मगावाचा मान हे शहर सांगतं, त्या फोच्या मोठ्या पातेल्यांतून वाफ येत असते. स्टँडमध्ये सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या बायका, वडिलांच्या खांद्यावर बसलेली पोरं आणि मधोमध बँड. खराखुरा पितळी बँड, मोठे ढोल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. घोषणांचा ताल धरणारा माणूस रेलिंगला टेकून उभा असतो, मैदानाकडे पाठ करून. नव्वद मिनिटं तो लोकांकडे तोंड करून हात हलवत असतो. गोल झाला की नाही, हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळतं. एकदा मी त्याला विचारलं, सामना कधी पाहतोस? म्हणाला, रात्री घरी गेल्यावर, फोनवर.

माझ्या शेजारी अनेकदा एक वृद्ध गृहस्थ येऊन बसतात. गिरणीतून निवृत्त झालेले. पायातल्या सपाता काढून पायरीवर ठेवतात आणि त्यांच्यावरच बसतात. मला ते पुतण्या म्हणतात, मी त्यांना काका म्हणतो, कारण त्यांच्या भाषेतही वडीलधाऱ्यांना अशीच हाक मारायची रीत आहे. 1985 चं विजेतेपद त्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा मैदानाला चुआ कुओई म्हणत. 2003 च्या आग्नेय आशियाई स्पर्धेसाठी ते नव्याने बांधलं गेलं आणि थिएन त्रुओंग झालं. 1985 च्या त्या विजेत्या संघाचं नाव होतं 'हा नाम निन्ह उद्योग', कारण त्या काळी हा नाम, नाम दिन्ह आणि निन्ह बिन्ह हे तिन्ही मिळून एकच प्रांत होता. पुढे तो फुटला आणि 2025 मध्ये तेच तीन तुकडे पुन्हा एकत्र आले. काकांच्या आयुष्यात सरकारने त्यांचा प्रांत अनेकदा नव्याने आखला. मी त्यांना म्हटलं, आता संघाचं काय होईल? ते म्हणाले, "संघाला काय होणार? मी इथेच बसतो."

त्यांचा हा विश्वास खरा ठरावा, ही जबाबदारी आता तुमची आहे. कारण या एका क्लबाच्या नावाचा इतिहास पाहिला तरी छातीत धस्स होतं. सोंग दा नाम दिन्ह, मिकाडो नाम दिन्ह, दाम फू मी नाम दिन्ह, मेगास्टार नाम दिन्ह, युओक नाम हा नाम दिन्ह आणि आता थेप सान्ह नाम दिन्ह. बांधकाम कंपनी, खत कंपनी, औषध कंपनी, पोलाद. पुढचं नाव पैशाबरोबर येत-जात राहिलं. मागचे दोन शब्द टिकले म्हणून काका टिकले. 2010 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, पुढे आणखी खाली गेला, 2018 मध्ये व्ही-लीगमध्ये परतला आणि 2024 मध्ये, 39 वर्षांनी, पुन्हा देशाचा विजेता झाला. त्या हंगामात ब्राझीलहून आलेल्या राफाएलसनने 31 गोल केले. नंतर तो व्हिएतनामी नागरिक झाला, न्गुएन सुआन सोन झाला, आणि 2024 च्या आसियान स्पर्धेत 7 गोल करून अंतिम सामन्यात बँकॉकच्या मैदानावर पाय मोडून घेतला. त्या रात्री सगळा देश त्याच्यासाठी हळहळला. परदेशातून आलेल्या माणसाला आपलं म्हणायला इथल्या लोकांना वेळ लागत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. 12 ऑक्टोबर 2024 ला याच थिएन त्रुओंगवर भारत आणि व्हिएतनाम 1-1 बरोबरीत खेळले. गुरप्रीतसिंग संधूने पेनल्टी अडवली, फारुख चौधरीने बरोबरी साधून दिली. अशा रात्री माझा आवाज कुणाच्या बाजूने लागावा हे ठरवणं अवघड होतं. लागला भारताच्याच बाजूने, आणि आजूबाजूच्या माणसांनी हसून पाठ थोपटली.

पण सगळ्याच गावांचं नशीब नाम दिन्हसारखं नसतं. क्वांग निन्हचं पाहा. कोळशाच्या खाणींचा मुलूख. काम फाच्या मैदानावर खाणकामगार पाळी संपवून यायचे. संघाच्या नावातच 'थान' म्हणजे कोळसा होता. 2021 मध्ये खेळाडूंचे पगार थकले, पुढच्या हंगामात उतरण्याची ऐपत उरली नाही आणि क्लब बंद पडला. खेळाडू दुसरीकडे गेले, प्रशिक्षकही गेले. जाऊ शकले नाहीत ते फक्त प्रेक्षक. खेळाडूचा करार असतो, मालकाचा ताळेबंद असतो. प्रेक्षकाकडे फक्त गाव असतं, आणि ते उचलून दुसऱ्या क्लबात नेता येत नाही.

सायगॉन एफसीची गोष्ट याहून वेगळी आणि तितकीच वाईट. 2016 मध्ये हनोईतला एक क्लब हंगाम सुरू असताना उचलून हो चि मिन्ह सिटीत नेला गेला. हनोईतले त्याचे समर्थक मागेच राहिले. नव्या शहरातही माणसं जोडली गेली, 2020 मध्ये संघ तिसरा आला, लोकांना वाटलं की आता मुळं धरली. 2022 मध्ये तो घसरला आणि विसर्जित झाला. म्हणजे एकाच क्लबाने दोन शहरांतल्या लोकांना दोनदा पोरकं केलं. आणि आता ताजं उदाहरण क्वांग नामचं. 2017 चा विजेता संघ. 2025 च्या ऑगस्टमध्ये नवा हंगाम तोंडावर आला असताना त्याने माघार घेतली. त्याची जागा पीव्हीएफ-कान्ड या संघाला मिळाली, वेळापत्रक भरलं, लीग ठरल्या दिवशी सुरू झाली. कागदावर चौदा संघ पूर्ण झाले. क्वांग नाम प्रांतही त्याच जुलैमध्ये दा नांगमध्ये विलीन झालेला. तिथल्या माणसाचा प्रांत आणि संघ दोन्ही एकाच उन्हाळ्यात गेले. त्याने आता शनिवारी संध्याकाळी कुठे जायचं, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या नियमपुस्तकात शोधूनही सापडत नाही.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगतो. माझ्या शहरातही असंच झालं. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये मी ज्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, तो एका उन्हाळ्यात संपला आणि त्याची लीगमधली जागा दुसऱ्या शहराकडे गेली. भारतात हे नवं नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, तेव्हा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ गेला आणि शहराला साधा निरोपाचा सामनाही नीट मिळाला नाही. म्हणून जेव्हा काका म्हणतात की संघाला काय होणार, तेव्हा मला गप्प बसवत नाही. संघाला काहीही होऊ शकतं, हे मी पाहिलेलं आहे.

तुमच्याच देशात याचा उलटा पुरावाही आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. थे कोंग हा 1954 साली स्थापन झालेला सैन्याचा संघ. उत्तरेत कित्येक पिढ्यांसाठी फुटबॉल म्हणजेच थे कोंग. 2009 मध्ये ते नाव पुसलं गेलं, लीगमधली जागा थान्ह होआकडे गेली. सैन्याच्या दूरसंचार कंपनीने, व्हिएट्टेलने, तरुण खेळाडूंची फळी जपली, संघ पुन्हा वर आणला, 2020 मध्ये विजेतेपदही मिळवलं. पण स्टँडमध्ये येणारी जुनी माणसं त्या संघाला जुन्याच नावाने हाक मारत राहिली. आणि 2023 मध्ये नाव परत आलं: थे कोंग-व्हिएट्टेल. नावाची पाटी बदलली त्या हंगामात हांग डाय स्टेडियमच्या स्टँडमध्ये मी ज्येष्ठ माणसांना रडताना पाहिलं. गोल झाला म्हणून नव्हे. फलकावर ती अक्षरं दिसली म्हणून. चौदा वर्षं एक नाव फक्त लोकांच्या तोंडी जगलं आणि अखेर कागदाने त्याच्यापुढे मान तुकवली. हे महासंघाला, संरक्षण मंत्रालयाला आणि कंपनीला मिळून करता आलं. म्हणजे करता येतं.

पैसा घालणाऱ्यांचं मोल मी कमी करत नाही. होआंग आन्ह झा लाय क्लबाचे दोआन न्गुएन दुक, ज्यांना सगळा देश बाऊ दुक म्हणतो, त्यांनी 2002 मध्ये थायलंडच्या कियातिसुक या खेळाडूला मध्य पठारावरच्या प्लेइकूत आणलं तेव्हा लोकांनी डोळे विस्फारले. 2003 आणि 2004 ची विजेतेपदं आली. 2007 मध्ये आर्सेनल आणि जेएमजीबरोबर अकादमी उघडली, आणि तिथून कोंग फुओंग, तुआन आन्ह, सुआन त्रुओंग, व्हान तोआन ही पोरं 2015 मध्ये लीगमध्ये उतरली, तेव्हा देशभरातली मैदानं त्यांना पाहायला भरली. ते पैसेवाले नसते, तर ही लीग व्यावसायिक झालीच नसती. प्रश्न त्यांच्या दानतीचा नाही. प्रश्न असा आहे की एका माणसाचा उत्साह, तब्येत किंवा कर्ज यांवर एका गावाचं नाव टांगलेलं असावं का.

प्रायोजक म्हणतील, नावात कंपनी नसेल तर पैसे कशाला द्यायचे? उत्तर तुमच्या शेजारीच आहे. 1993 मध्ये जपानने जे-लीग सुरू केली तेव्हाच ठरवलं की क्लबाच्या नावात कंपनी नको, गाव हवं. कंपन्या पळून गेल्या नाहीत. जर्सीच्या छातीवर त्यांचं नाव मोठ्ठं आहे, फलकांवर आहे, तिकिटांवर आहे. तिथेही आघात झाले. 1998 मध्ये योकोहामा फ्ल्यूगेल्स हा क्लब दुसऱ्यात विलीन करून संपवायचं ठरलं, तेव्हा समर्थकांनी वर्गणी काढून योकोहामा एफसी उभा केला, आणि तो पुढे पहिल्या श्रेणीपर्यंत पोहोचला. आणि जपानपर्यंत जायचीही गरज नाही. हनोई टी अँड टीने पुढचं टी अँड टी सोडलं आणि नुसता हनोई झाला, त्यानंतरही 2018, 2019 आणि 2022 ची विजेतेपदं जिंकली. हाय फोंगने 'सिमेंट' सोडलं, तरी त्याचं लाच त्राय मैदान भरतंच. तिथले समर्थक बाहेरगावच्या सामन्यासाठी आख्खी रेल्वे भाड्याने घेऊन हनोईला येतात. सोंग लाम न्गे आनने तर एका नदीचं नाव जिवापाड जपलं आहे आणि विन्हमधलं पोर पिवळी जर्सी घालतं ती त्या नदीसाठी.

  

समर्थकांवरही जबाबदारी आहे आणि ती मी टाळत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये हांग डायवर नाम दिन्हच्या समर्थकांच्या स्टँडमधून सुटलेल्या फ्लेअरने एका महिला प्रेक्षकाला गंभीर जखमी केलं. ज्या रंगासाठी आपण ओरडतो, त्या रंगाच्या नावावर असं घडलं की मान खाली जाते. ज्यांना क्लबावर हक्क हवा, त्यांनी स्टँड सांभाळला पाहिजे. म्हणूनच मी नोंदणीकृत समर्थक संघटनांची गोष्ट करतो. त्या बऱ्याच क्लबांकडे आजही आहेत. बँड, झेंडे, बसगाड्या, तिकिटांच्या रांगा हे सगळं त्याच सांभाळतात. त्यांच्यावर जबाबदारी टाका आणि त्याबरोबर मतही द्या.

आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमांप्रमाणे क्लबांना परवाना आपणच देता. त्या परवान्यात लिहा की क्लबाचं गावाचं नाव, बोधचिन्ह आणि मुख्य रंग बदलायचे असतील, किंवा संघ दुसऱ्या प्रांतात न्यायचा असेल, तर नोंदणीकृत समर्थकांचं बहुमत लागेल. लिहा की क्लब बंद पडला तर त्याचं नाव आणि विक्रम कुणाला विकता येणार नाहीत. महासंघ ते त्या गावासाठी राखून ठेवील, आणि उद्या तिथे नवा संघ उभा राहिला तर त्यालाच देईल. खेळाडूंच्या पगाराची बँक हमी हंगामाआधी घ्यायची की नाही, हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही माझ्याहून चांगला जाणता. पण क्वांग निन्हच्या पोरांचे पगार थकले तेव्हा आधी कुणीतरी हिशेब पाहिला असता तर बरं झालं असतं, एवढं म्हणण्याचा हक्क कुठल्याही प्रेक्षकाला आहे.

प्रांतांच्या फेररचनेमुळे या कामाला उशीर करून चालणार नाही. बिन्ह युओंग आता हो चि मिन्ह सिटीत गेला आणि चारदा विजेता राहिलेला त्याचा क्लबही शहराचं नवं नाव लावू लागला. निन्ह बिन्हने 2014 मध्ये मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणात आपला क्लब गमावला होता, तिथे 2025 मध्ये नव्या संघाने व्ही-लीग परत आणली, आणि आता एकाच प्रांतात नाम दिन्ह आणि निन्ह बिन्ह असे दोन संघ आहेत. उद्या कुणी हिशेबनीस म्हणेल, एका प्रांताला दोन कशाला? तो प्रश्न येण्याआधी उत्तर लेखी असायला हवं.

नाम दिन्हचं नाव नकाशावर राखणं तुमच्या हातात नव्हतं. गुणतक्त्यावर राखणं मात्र आहे. पुढच्या हंगामाच्या परवाना-नियमांत हे एक कलम घाला, ही कळकळीची विनंती.

आपला,
थिएन त्रुओंगच्या बी स्टँडमधला एक मराठी प्रेक्षक